पहिल्या चार भागांचं मराठी

हेमा सबनीस यांचा स्वभाव असा, की भाजीवाल्याने मेथीची जुडी चांगली दिली तर त्या त्याला तोंडावर सांगणार आणि किडकी दिली तर चार माणसांत सांगणार. म्हणूनच नौपाड्यातल्या वाचनालयाच्या त्रैमासिकात परीक्षणं लिहायचं काम अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. संपादक बाळ केतकर पंच्याहत्तरीचे, जुन्या वळणाचे. ते म्हणत, "हेमाताईंनी 'बरं आहे' म्हटलं की पुस्तक वाचावं, आणि 'चांगलं आहे' म्हटलं की विकत घ्यावं." एकसष्टाव्या वर्षी हा दरारा हेमाताईंना मनापासून आवडत होता.

या वेळी मात्र त्यांनी परीक्षण स्वतःहून मागून घेतलं होतं, आणि तेही पुस्तकाचं नव्हे. एका अ‍ॅपवर 'आटलेला समुद्र' नावाची जपानी अ‍ॅनिमे मालिका मराठी उपशीर्षकांसह येणार होती. पहिला खंड सहा भागांचा.

"कार्टूनचं परीक्षण आपल्या अंकात?" केतकरांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"कार्टून म्हणा हवं तर. पण त्याचं मराठी साकेत दाबकेनं केलंय. माझा साकेत. सरप्राइज आहे, नक्की बघा, असा फोन आला त्याचा."

साकेतचं कौतुक केतकरांनी हेमाताईंकडून इतकं ऐकलं होतं, की रस्त्यात दिसला असता तर त्यांनी त्याला आधी कधी न बघताही ओळखलं असतं.

हेमाताई मूळच्या टायपिस्ट. वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात जपानी भागीदार होते. ते साहेब लोक आपल्यासमोर काय कुजबुजतात हे कळायलाच हवं, या एका हट्टापायी त्या जपानी शिकल्या, आणि इतकी शिकल्या की कंपनीनेच त्यांना सहा महिने नागोयाला नेलं. पुढे कारखाना बंद पडला आणि त्यांनी घरच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं, तर त्या विचारणाऱ्याला त्याच्या लग्नाबद्दल असं काही विचारत की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे. वर्गातली मुलं त्यांना 'सेन्सेई' म्हणत. जपानीत गुरूला तसं म्हणतात.

साकेत डोंबिवलीहून यायचा. आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. वर्ग साडेअकराला सुटे, पण तो सुटत नसे. हा शब्द असा का, तो तसा का, असं करत एक वाजे, आणि मग अर्थातच जेवायला थांबे. रविवारी हेमाताई दोन वाट्या तांदूळ जास्त टाकू लागल्या, ते कधी लागल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास नागोयाच्या एका जुन्या मैत्रिणीने त्यांना 'आटलेला समुद्र'ची पहिली तबकडी पाठवली. तिच्यात चार भाग होते. गोष्ट अशी, की एका बेटाभोवतालचा समुद्र एका रात्रीत आटतो. दीपगृहावर राहणारी मिओ नावाची मुलगी आणि गेन्झो नावाचा म्हातारा नावाडी कोरड्या तळावरून चालत समुद्र शोधायला निघतात. पाठ्यपुस्तकाला कंटाळलेली मुलं हे बघून सरसावून बसली, आणि तेव्हापासून तोच वर्गाचा अभ्यास झाला.

शिकवायची त्यांची पद्धत अशी: एक वाक्य झालं की चित्र थांबवायचं. मुलांनी अर्थ लावायचा, भांडायचं, खोडायचं. सगळ्यांचं संपलं की हेमाताई डोळे मिटायच्या आणि शेवटचं मराठी वाक्य सांगायच्या. ते मुलांनी पक्क्या वहीत उतरवायचं. स्वतः त्या अक्षर लिहीत नसत. बाईंची वही असली की पोरं आळशी होतात, असं त्यांचं ठाम मत. चार भागांना सव्वादोन वर्षं लागली. घरी आल्यावर मिओ दारातून जो एक शब्द म्हणते, त्यासाठी तीन रविवार गेले आणि मग 'आले गं' ठरलं.

पण खरी मेहनत गेन्झोवर झाली. म्हातारा खेडवळ जपानी बोलतो. त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातलं तर तो नावाडी न राहता मुख्याध्यापक होत होता. तेव्हा हेमाताईंना हौसाबाई सापडल्या. त्या खाडीकाठच्या बाळकुम गावच्या. टोपलीत सुकी मासळी घेऊन दर शुक्रवारी दारात यायच्या. हेमाताई त्यांना चहा द्यायच्या आणि गेन्झोचं वाक्य सांगून, तुम्ही हे कसं म्हणाल, असं विचारायच्या. "बामनीन येरी हाय," म्हणजे वेडी आहे, असं हौसाबाई पहिल्यांदा म्हणाल्या. पुढे त्यांना गोडी लागली. रविवारी मग त्यांची ती वाक्यं मुलांच्या वह्यांत जायची.

मालिका अ‍ॅपवर यायची होती तो शुक्रवार आला. बाळकुमची शेतं जाऊन मनोरे उभे राहिले होते, तरी हौसाबाई अजून टोपली घेऊन यायच्या, विकायला कमी आणि बोलायला जास्त. दुपारी दोघी टीव्हीसमोर बसल्या. वाटीत पेढे होते. सकाळीच हेमाताईंनी ते आणून सबंध इमारतीत वाटले होते. हौसाबाईंना वाचता येत नसल्याने हेमाताई पडद्याखालची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवत होत्या.

दीपगृह दिसलं. मिओ दारात आली. "आले गं," हेमाताईंनी वाचलं आणि खुशीत हसल्या. पोराने लक्षात ठेवलं होतं. पुढे गेन्झो आला, वाळूवर उकिडवा बसला, आणि हेमाताई म्हणाल्या, "दर्या मेला नाय गो पोरी, रुसलाय. तुना दिसंल."

म्हणून झाल्यावर ते वाक्य पडद्यावर उमटलं.

त्या थांबल्या. पुढचं वाक्यही त्यांनी आधी म्हटलं आणि नंतर ते खाली आलं. त्याच्या पुढचंही. एकही शब्द हलला नव्हता.

"आता गो," हौसाबाई हसल्या, "यो तं माज्यावानीच बोलतंय."

हेमाताईंना राग आला नाही, उलट डोळे भरून आले. आपली सव्वादोन वर्षं वाया गेली नाहीत, पोराने ती जपून ठेवली आणि आता आपल्याला असं चकित करायचं ठरवलंय, असंच त्यांना वाटलं. चारही भाग त्यांनी शेवटच्या पाट्यांसाठी बघितले. माणूस लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव शोधतो तशा त्या शोधत होत्या. प्रत्येक भागाच्या शेवटी एकच ओळ होती: 'मराठी अनुवाद आणि बोलीरचना – साकेत दाबके'.

"काय लिवलंय?" हौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही. कंपनीचं नाव आहे," हेमाताई म्हणाल्या. आयुष्यात खोटं फारसं बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे ते त्यांना नीट जमलंही नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅपच्या पानावर साकेतची मुलाखत आली. त्यात तो म्हणत होता, की गेन्झोची भाषा त्याला लहानपणी त्यांच्या दारावर येणाऱ्या एका कोळणीकडून मिळाली. हेमाताईंनी ते वाक्य चार वेळा वाचलं. साकेत डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वाढला. त्याच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. हौसाबाईंना त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एका माणसाने तुमच्या घरातली वस्तू न्यावी, वर तुमच्या दाराची आठवणही न्यावी, आणि तुम्हाला आधी फोन करून सांगावं की एक सरप्राइज आहे, नक्की बघा. आता कोणाला काय म्हणायचं.

रविवारी तो स्वतःच आला. हातात मिठाईचा खोका, पाया पडला, नेहमीच्या खुर्चीत बसला.

"कसं वाटलं, सेन्सेई?"

"पहिले चार भाग मला पाठ होते," हेमाताई म्हणाल्या.

तो हसला. ते हसणं निर्मळ होतं, आणि तेच त्यांना फार लागलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण याच्या मनात लख्ख दिवस होता.

"अहो, मी गेलेलो ना इंटरव्ह्यूला, तिथे सॅम्पल मागितलं. माझ्याकडे वही होती ती. त्यांना एवढं आवडलं ना की काय सांगू."

"साकेत, ती वाक्यं कोणाची आहेत?"

"आपली. म्हणजे वर्गाची. सगळे बोलायचो ना आपण."

"मग वर्गाचं नाव घाल."

"एकच नाव टाकतात हो तिथे." तो जरा चुळबुळला. "आणि सेन्सेई, वही माझी आहे, अक्षर माझं आहे. तुम्ही कधी काही लिहिलंच नाहीत."

सबंध घरात हेमाताईंच्या हातचं एकही वाक्य नव्हतं, आणि हा नियम त्यांनी स्वतःच केला होता.

"आणि ती कोळीण?" त्यांनी विचारलं.

"मुलाखतीत काहीतरी रंगवून सांगावं लागतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग पुढे सरकून, अगदी समजूत काढल्यासारखा तो म्हणाला, "खरं सांगू? तुम्ही त्याचं काय करणार होता? इथे हॉलमध्ये पडूनच राहिलं असतं ते. मी निदान लोकांपर्यंत नेलं."

हेमाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. कुकर कधीचा होऊन गेला होता आणि त्यात तेच दोन वाट्या जास्त तांदूळ होते. स्वतःचाच त्यांना संताप आला. वाक्यं गेली याचं त्यांना एवढं नव्हतं. वाक्यं वाटण्यासाठीच असतात, हे त्यांनीच शिकवलं होतं. तेरा वर्षं ज्याला जेवू घातलं त्याने आपल्याकडे पाहून, या बाईचं काय होणार, हिच्याकडे पडून राहिलं असतं, असा हिशेब केला होता, आणि तो केव्हा केला हे आपल्याला कळलंही नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

बाहेरून त्याचा आवाज आला. "सेन्सेई, परीक्षण तुम्हीच लिहिताय ना? जरा छान लिहा. दुसऱ्या खंडाचं अजून नक्की व्हायचंय."

त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी जसं आहे तसं लिहिते. तुला माहीत आहे." त्या दिवशी त्याला जेवायला थांब म्हणाल्या नाहीत. तोही थांबला नाही, त्याला कुठेतरी जायचं होतं.

मग त्यांनी उरलेले दोन भाग बघितले. पाचव्या भागात मिओ दारातून आत येते आणि म्हणते, 'मी आता घरी आहे.' गेन्झो म्हणतो, 'माझ्या प्रिय मुली, आपण आशावादी राहिलं पाहिजे.' चौथ्या भागापर्यंत वाळूत थुंकणारा म्हातारा पाचव्यात बातम्या देऊ लागला होता. तबकडी चारच भागांची होती. पुढचं साकेतने इंग्रजीवरून उरकलं होतं, आणि तेही बहुधा यंत्राकडून. तेरा वर्षांत त्याने जपानी शिकून घेतली असेल अशी त्यांची समजूत होती. त्याने वही तेवढी घेतली होती.

बुधवारी परीक्षण लिहून झालं. गोष्टीबद्दल, चित्रांबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं. कोरड्या समुद्रतळाचे रंग, संगीतात मुद्दाम ठेवलेली शांतता, साहसकथेत शत्रूच न ठेवण्याचं धाडस, काही सोडलं नाही. अनुवादाबद्दल एवढंच लिहिलं: 'पहिल्या चार भागांच्या मराठीत मला एकही दोष काढता आला नाही. पाचव्या आणि सहाव्या भागाचा अनुवादक वेगळा असावा असं वाटतं. त्याला जपानी येत नाही आणि मराठीचंही त्याला फारसं पडलेलं नाही. मालिका बघावी. चौथ्या भागाला थांबावं.'

केतकरांनी वाचनालयातल्या आपल्या टेबलावर ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना बरंच काही समजलं असावं, पण विचारणं त्यांच्या वळणात बसत नव्हतं. त्यांनी नियमाचं तेवढं विचारलं. त्रैमासिकाचा पहिल्या अंकापासूनचा दंडक होता, की परीक्षणकर्त्याची लेखकाशी ओळख असेल तर खाली एका ओळीत तसं सांगायचं, म्हणजे वाचकाची फसवणूक होत नाही.

"ती ओळ राहिली आहे, हेमाताई," ते हळूच म्हणाले. "'अनुवादक माझे विद्यार्थी आहेत' एवढं टाकलं तरी पुरे. की मी टाकू?"

"नको. ते मी माझ्या हाताने लिहिते."

त्यांनी केतकरांचं पेन घेतलं. परीक्षणाच्या खाली, स्वच्छ वळणदार अक्षरात लिहिलं: 'अनुवादकाशी माझा परिचय नाही.'

केतकरांनी ती ओळ वाचली. कोणाच्याही मजकुरावर लाल पेन चालवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हा कागद मात्र त्यांनी तसाच उचलून छापायच्या फाइलमध्ये ठेवला.