साळवीवहिनींचा ट्रॅक्टर

साळवीवहिनींच्या पर्समध्ये रुमाल, लहानग्या लेकीसाठी, सईसाठी, बिस्किटं आणि तेरा नंबरचा पाना कायम असायचा. पाना कशाला, असं मी पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, लागतो." आणि खरंच लागायचा. बसस्टॉपवरचा डुगडुगणारा बाक, सईच्या किंडरगार्टनमधली घसरगुंडी, माझ्या सायकलचं सीट, जे समोर येईल त्याचा नट जाता जाता आवळून त्या पुढे निघायच्या. मागे वळून बघायच्याही नाहीत.

स्टुटगार्टबाहेर डोंगरउतारावरच्या एका गावात आम्ही एकाच घरात भाड्यानं राहत होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. तळमजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको. सई त्यांना ओपा-ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजोबा-आजी, म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. मधल्या मजल्यावर वहिनी, त्यांचे यजमान प्रकाशदादा आणि सई. वर पोटमाळ्यावर मी, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारी. प्रकाशदादा मोटारींच्या एका कंपनीत कंत्राटावर होते. वहिनी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. चिंचवडला इंजिनांच्या कारखान्यात त्या टेस्टिंगला होत्या. पण इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. "सध्या काय करता?" असं कुणी विचारलं की त्या "स्वयंपाक" म्हणायच्या, पुढचा प्रश्न येऊच नये अशा आवाजात.

'बिघडलंय' हा शब्द त्यांना चालायचा नाही. मिक्सर बिघडला म्हणून मी खाली गेले की त्या हात पुसत विचारायच्या, "काय बिघडलं?" मी म्हणायचे, "अहो वहिनी, मिक्सर." "तो मला दिसतोय गं. त्याचं काय बिघडलं? आवाज येतो? वास येतो? फिरतो का अडतो?" एवढं सगळं सांगितल्याशिवाय त्या झाकण उघडायच्या नाहीत. माझ्या प्रयोगशाळेतल्या प्रोफेसरांनी मला एवढं कधी पिडलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ओपांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घरावर एक सावट आलं. ओमाला डायलिसिस असायचं. आठवड्यातून तीनदा टॅक्सी येऊन तिला घेऊन जायची. आमच्या घराकडे येणारी चढाची गल्ली खासगी होती, त्यामुळे गावपालिकेचा बर्फ काढणारा ट्रक वर यायचा नाही. इतकी वर्षं ओपा पहाटे उठून फावड्यानं गल्ली साफ करायचे. आता डॉक्टरांनी फावड्याला हात लावायला बंदी केली होती. टॅक्सीवाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, बर्फात मी वर चढणार नाही, खाली उभा राहीन. काठी टेकत चालणारी ओमा त्या उतारावरून खाली जाणार कशी? आम्ही भाडेकरू फावडी मारू म्हणालो, पण रात्रभर बर्फ पडला तर आमच्या हातानं सकाळी टॅक्सी यायच्या आत ती लांब गल्ली मोकळी होणं कठीण होतं. हाम्बुर्गमधल्या मुलांनी फोनवर निर्णय सांगून टाकला: घर विका आणि दोघं वृद्धाश्रमात चला.

मागच्या शेडमध्ये ओपांचा जुना बागेतला ट्रॅक्टर होता, गवत कापायचा, लाल रंग उडालेला. वहिनींनी त्यावरची ताडपत्री ओढली. ओपा दारातूनच म्हणाले, "कापुट, फ्राउ साळवी. कापुट." म्हणजे बिघडलाय, साळवीबाई.

"काय कापुट?" वहिनींनी विचारलं.

ओपांनी वाकून इंजिनाच्या पोटाला पडलेलं भोक दाखवलं. आतला कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आला होता. वहिनींनी त्यात बोट घालून बघितलं. मग गिअर टाकून चाकं फिरवली, मागच्या आसाला कान लावला, चासीवर टकटक केली आणि उभ्या राहिल्या. "इंजिन कापुट. ट्रॅक्टर नाही. आपण इंजिन बदलू."

"आल्झो," म्हणजे बरं तर, असं म्हणत ओपा ताडपत्रीची घडी घालायला लागले.

इंजिन मिळालं ओपांच्या मित्राच्या द्राक्षमळ्यात. फवारणीचा पंप गंजून गेला होता, त्यावरचं इंजिन मात्र शाबूत होतं. ते घरी आलं त्या दिवसापासून वहिनी बदलल्या. सकाळी सईला सोडून आल्या की ओपांचा निळा डगला चढवायच्या, ओढणी कमरेला बांधायच्या आणि शेडमध्ये शिरायच्या. नव्या इंजिनाची भोकं जुन्या चासीला जुळत नव्हती, शाफ्ट दोन बोटं खाली येत होता. कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून त्यांनी मधल्या जाड प्लेटचा नमुना केला, मग मोजमापं घालून चित्र काढलं. पट्ट्याच्या दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघायला ओपा. थंडीत कार्ब्युरेटर गोठू नये म्हणून सायलेन्सरची ऊब त्याच्याकडे वळवणारा पत्रा वाकवायलाही ओपा. वहिनींचं जर्मन मोडकं, ओपांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या शेडमधून दिवसभर बोलण्याचा आवाज यायचा. सई मात्र आईला मिठी मारायला तयार नव्हती. "मामा, डू श्टिंक्स्ट नाख बेन्झिन!" असं किंडरगार्टनमधल्या जर्मनमध्ये म्हणून ती नाक दाबायची; मामा म्हणजे तिकडे आई. "हो, येतोच पेट्रोलचा वास," वहिनी म्हणायच्या. "छान येतो ना?"

प्लेट कापायला आम्ही गावातल्या श्लॉसरकडे गेलो, म्हणजे लोखंडकाम करणाऱ्या माणसाकडे. त्यानं चित्र उजेडात धरलं आणि प्रकाशदादांना विचारलं, "हे तुम्ही काढलंत?"

"छे, मी कसला काढतोय," प्रकाशदादा म्हणाले. "मी संगणकवाला. हिनं काढलंय."

त्यानं चित्र वहिनींसमोर ठेवलं आणि कुठल्या भोकाला किती सैल ठेवायचं यावर त्यांचं जे सुरू झालं, ते संपेपर्यंत प्रकाशदादा आणि मी दोन कॉफ्या पिऊन आलो. परत येताना दादा मला हळूच म्हणाले, "चिंचवडला हिला आणायला जायचो ना, तेव्हा अशी दिसायची."

नोव्हेंबर संपता संपता ट्रॅक्टर उभा राहिला. पुढे बर्फ ढकलायचं रुंद पातं, ते वरखाली करायला हाताशी लांब दांडा, मागच्या चाकांना साखळ्या, इंजिनात हिवाळ्याचं पातळ ऑइल. पहिल्या किल्लीला इंजिन खोकलं, दुसऱ्या किल्लीला लागलं. ओमानं खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

पहिला मोठा बर्फ रविवारी पडला. वहिनी जाकीट चढवून बसल्या, पातं खाली सोडलं आणि निघाल्या. चार हात बर्फ ढकलला गेला आणि मागची चाकं जागीच गरगर फिरायला लागली. त्यांनी मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. या वेळी ट्रॅक्टर गल्लीत आडवा फिरला आणि घसरत जाऊन कुंपणात घुसला. कुणाला लागलं नाही, पण पातं वाकडं झालं. ओपा पायरीवर उभे होते. चेहरा पांढराफटक. ते म्हणाले, "राहू द्या, फ्राउ साळवी. खूप केलंत. मी मुलांना फोन करतो."

वहिनी ट्रॅक्टरवरून उतरल्या. डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं का कशाचं, कुणास ठाऊक. पण आवाज नेहमीचाच होता. "ओपा, फोन उद्या करा. आज काय बिघडलं ते तर बघू." त्या बर्फात गुडघे टेकून चाकांच्या खुणा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जोर पुरतोय. पकड पुरत नाहीये. सगळं वजन पुढे गेलंय, मागे काहीच नाही."

दुपारी फळ्यांची पेटी ठोकली, तिच्यात लोखंडाचे तुकडे टाकून सिमेंट ओतलं. दोनतीन दिवस ते शेगडीशेजारी वाळलं. तोवर आम्ही सगळे, शेजारीसुद्धा, फावडी मारत राहिलो. मग ती धोंड मागच्या बाजूला बोल्टनं आवळली. पातंही सरळ करून थोडं तिरकं बसवलं, म्हणजे बर्फ समोर साचण्याऐवजी कडेला पडेल. पुन्हा बर्फ झाला त्या सकाळी ट्रॅक्टर गल्लीतून खाली गेला, वळला आणि तितक्याच शांतपणे वर आला. मागे काळाभोर रस्ता. टॅक्सी दारापर्यंत आली. ओमा केस विंचरून, लिपस्टिक लावून बाहेर पडली. ओपांनी टोपी काढून वहिनींपुढे मान झुकवली. वहिनी एवढ्या लाजल्या की त्यांनी पुन्हा इंजिन सुरू केलं आणि साफ झालेली गल्ली आणखी एकदा साफ करून आल्या.

तो हिवाळा तसाच पार पडला. घर विकायचा विषय मुलांनीही पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षी वहिनींना कामाची परवानगी मिळाली. श्लॉसरनं तिथून दूर, वाल्डॉर्फच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्यात शब्द टाकला, तिथे शेतीच्या इंजिनांची चाचणी व्हायची. वहिनींची नोकरी ठरली आणि मग तिच्यासाठी प्रकाशदादांनी आपली नोकरी बदलून तिकडची घेतली. गावातल्या बायकांना त्याचं फार नवल वाटलं. "त्यात काय," दादा म्हणाले, "आधी ती माझ्यामागे आली होती."

जाण्याआधी वहिनींनी ट्रॅक्टर माझ्या हवाली केला. आठवडाभर मला गल्लीतून वरखाली चालवायला लावलं, ऑइल बदलायला लावलं, साखळ्या काढून पुन्हा चढवायला लावल्या. निरोपाच्या दिवशी ओमा त्यांचा हात सोडेना. वहिनी तिला मराठीतच म्हणाल्या, "येईन हं मी," आणि ओमा "या, या" म्हणत मान हलवत राहिली. जर्मनमधलं 'हो' आपल्याला 'या' ऐकू येतं, म्हणून गाडीत बसताना वहिनी रडता रडता हसल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गल्ली मी साफ केली. एकदा ओपांना ताप होता म्हणून ओमाबरोबर डायलिसिसलाही मीच गेले. आम्ही आत शिरताच तिथली नर्स माझ्याकडे बघून ओरडलीच, "अच्छा, म्हणजे ट्रॅक्टर बनवणाऱ्या त्या तुम्ही!" बाकीच्या खाटांवरचे म्हातारेही माना वर करून बघायला लागले. सगळ्यांना सगळी गोष्ट माहीत होती. कुंपणात घुसलेला ट्रॅक्टर, सिमेंटची धोंड, सगळी.

मी काही बोलायच्या आत ओमानं काठी जमिनीवर आपटली.

"नाइन! नाही!" ती म्हणाली. "ही नुसती चालवते. जिनं बनवला, ती आता कारखान्यात असते. ती इंजिनिअर आहे."