बारावा पासवर्ड

आज ज्याला सायबर सिक्युरिटी म्हणतात आणि ज्याच्या जाहिराती बसच्या पाठीवर झळकतात, ते मी परभणीत शिकले तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी ‘संगणकाची सुरक्षितता’ असा एक प्रबंधाचा विषय होता. तो कुणालाच नको होता, म्हणून माझ्या गळ्यात पडला. आमच्या विभागात संगणकाची सुरक्षितता म्हणजे तीन गोष्टी: चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांचे पडदे ओढायचे आणि एसीच्या खोलीत चिवडा खायचा नाही. पहिल्या दोन आम्ही कडक पाळत होतो.

वडिलांनी अट आधीच घातली होती. फर्स्ट क्लास आला तर विभागात शिकवायला लागायचं, दोन वर्षं लग्नाचा विषय बंद. नाही आला तर त्याच उन्हाळ्यात बार उडवायचा. स्थळ सांगून आलेलंच होतं. त्या घरात माझ्यासाठी नवं नावसुद्धा ठरलं होतं, हे मला त्यांच्या धाकट्या मुलीकडून कळलं. मला माझं जुनं नाव बरं वाटत होतं. रोज सकाळी पिंगळीहून पॅसेंजरनं परभणीला उतरताना माझ्या डोक्यात फर्स्ट क्लासशिवाय दुसरं काही नसायचं.

विभागात एक मोठं यंत्र होतं, त्याला सहा टर्मिनल जोडलेले आणि त्यावर बारा जणांची खाती. प्रत्येकाचा आपापला पासवर्ड. विभागप्रमुख सर म्हणाले, “बाराही उघडून दाखव. फर्स्ट क्लास कुठं जात नाही.” सरांना खात्री होती की माझ्याच्यानं एकही उघडणार नाही.

पुस्तकात यासाठी मोठमोठे प्रोग्रॅम दिले होते. मला लग्नपत्रिका पुरल्या. आमच्याकडे पत्रिकेच्या डोक्यावर कुलदैवत छापतात, अमुक प्रसन्न, तमुक प्रसन्न. आणि नवं काही सुरू करायचं तर पहिला शब्द देवाचाच लिहायचा, हे अंगात इतकं मुरलेलं की वही असो नाहीतर संगणक, हात आपोआप तिकडे वळतो. मी एकेकाच्या घरी गेले, चहा घेतला, खिळ्याच्या तारेला अडकवलेल्या जुन्या पत्रिका चाळल्या. तुळजाभवानी तीन ठिकाणी निघाली. खंडोबा, माहूरची रेणुका, बालाजी, सगळे भेटले. आमचं यंत्र पहिली आठच अक्षरं बघायचं, त्यामुळे भवानीआईला अर्ध्यावरच थांबावं लागे, पण दार उघडायची. सरांच्या खात्यात परळीचा वैजनाथ बसला होता. मी भीत भीत सांगितलं, तर ते रागावले नाहीत. “देव राखणीला असल्यावर कुणाची हिंमत व्हईल, असं वाटलं व्हतं,” एवढंच म्हणाले आणि लगोलग पासवर्ड बदलला. देव तोच ठेवला, पुढे एक आकडा जोडला. तोही मी दुसऱ्या दिवशी उघडला.

अकरा झाले. बारावं खातं ऑपरेटर बाईंचं.

या बाई सोनपेठच्या, परभणीत दिलेल्या. आम्हा सगळ्यांचे प्रबंध त्याच टाइप करायच्या. विभागात त्यांना सगळे ऑपरेटर बाईच म्हणत, घरी सूनबाई. त्यांच्या सासरचं कुलदैवत लावून पाहिलं, उघडलं नाही. नवऱ्याचं नाव, मुलाचं नाव, माहेरचा देव, काही चालेना. आठवडा गेला. तिकडे मंगल कार्यालयाची चौकशी सुरू झाली होती.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून बंद व्हायचे, एसट्या थांबायच्या, परीक्षा पुढे जायच्या. त्या नावासाठी गावोगाव लोकांनी घरंदारं गमावलेली. आमचे सर मात्र म्हणायचे, “नावासाठी एवढं कशाला? काय फरक पडतो?” वडील मान डोलवायचे. या दोघांनीही आपापल्या लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीनं अक्षरं काढून, बायकोचं नाव पाच मिनिटांत बदललं होतं. त्यासाठी कुठं एसटी थांबल्याचं ऐकलं नाही.

अशाच एका बंदच्या दिवशी घरी बसून, बाईंकडून मागून आणलेली त्यांची पत्रिका पुन्हा काढली. आतापर्यंत मी फक्त वरची ओळ वाचत आले होते. या वेळी खाली उतरले. वराचं नाव ओळखीचं. वधूचं नाव मात्र मी कधी ऐकलेलंच नव्हतं. कुणाची पत्रिका आणली, असं क्षणभर वाटलं. मग लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी ते नाव टाइप केलं. खातं उघडलं.

मी आनंदानं उडायला हवं होतं. फर्स्ट क्लास समोर होता. पण मला रडूच यायला लागलं. प्रबंधात बाराही पासवर्डांची यादी द्यायची होती, तीन प्रती बांधून एक ग्रंथालयात ठेवायची होती. सुरक्षिततेच्या प्रबंधात विभागाच्या सगळ्या किल्ल्या छापायच्या, यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं! देवांचं ठीक होतं, ते जगजाहीरच असतात. पण बाईंनी एकच गोष्ट स्वतःजवळ ठेवली होती, ती मी सरांच्या टेबलावर कशी मांडू? बाराव्या ओळीत मी लिहिलं, उघडता आलं नाही. बाईंनी ती ओळ टाइप केली. एकही चूक नाही, चेहऱ्यावर काही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. काम अपुरं, म्हणाले. फर्स्ट क्लास तीन गुणांनी गेला. वडिलांनी निकाल ऐकला आणि कार्यालयवाल्याला निरोप धाडला. मला दुःख झालं, फार झालं. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी मी स्वतःवर खूशही होते. केवढा त्याग केला मी! फक्त तो कुणाला माहीत नव्हता, ही चुटपुट होती. म्हणून विभागात शेवटचं गेले तेव्हा बाईंना गाठलं.

“बाई, तुमचं खातं मला उघडता आलं होतं. मुद्दाम लिहिलं नाही.”

आता त्या माझा हात धरतील, डोळे पुसतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी यंत्रावर आच्छादन घातलं, कडा नीट केल्या.

“लिवायचं की गं,” त्या म्हणाल्या. “पुस्तकात ऱ्हायलं असतं.”

त्यांनी आच्छादनावर हात टेकला.

“इथं रोज मीच लिविते अन् मीच पुसते. पडद्यावर बी दिसत न्हाई ते, नुसती जागा सरकती.” मग दाराकडे एकदा बघून म्हणाल्या, “तू वाचलंयस न्हवं? म्हण बरं एकदा.”

मी ते नाव घेतलं, पुढे बाई लावून.

“बाई नको. नुसतं.”

मी पुन्हा हाक मारली, नुसत्या नावानं.

“ओ,” त्या म्हणाल्या.