शंकरदाचं गाऱ्हाणं

तारकर्लीच्या पलीकडे खाडी आणि दर्या यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एक वाडी आहे. तिथं देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान शंकर खवणेकराच्या घराण्याचा. हातात नारळ धरून शंकरदा वाडीचं मागणं देवाच्या कानावर घालायचा, आणि दर मागण्याला जमलेली माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. लोकांनी ‘व्हय’ म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, अशी तिथली पक्की समजूत. एकट्याचं रडगाणं देवानं तरी का ऐकावं?

मागच्या निवडणुकीत साहेब मतं मागायला आले, तेव्हा शंकरदानं त्यांना थेट देवळात नेलं आणि नारळावर हात ठेवायला लावला. दर्या वाडी खात चालला होता, धोंड्यांचा बंधारा हवा होता. ‘निवडून आलो की पहिलं काम हेच,’ साहेब म्हणाले. माणूस कचेरीत खोटं बोलेल, पण देवळात नाही, असा शंकरदाचा हिशेब. भोळाच म्हणायचा. त्या भरवशावर त्यानं अख्ख्या वाडीला देवाची शपथ घातली आणि वाडीचं एक मत फुटू दिलं नाही.

साहेब आमदार झाले, पुढे पक्षही बदलून मोकळे झाले. बंधारा झाला, नाही असं नाही. पण तो झाला वाडीच्या वरच्या अंगाला, साहेबांच्या मेव्हण्याच्या रिसॉर्टसमोर. तिथं अडलेलं पाणी वळून वाडीवर दुप्पट जोरानं येऊ लागलं. शंकरदाचे माड गेले, मागची पडवी गेली. आता दर्याच्या तोंडाशी उरली होती मथुरेची खोली. मथुरा त्याची बायको, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. येत्या पावसाआधी बंधारा झाला नाही, तर ही खोली राहणार नव्हती. शंकरदा मालवणला हेलपाटे घालून थकला. साहेबांनी तोंडाला पानं पुसली होती, हे वाडीत सगळ्यांनाच कळत होतं.

पुन्हा निवडणूक आली आणि साहेब पुन्हा देवळात आले. ‘काका, करा सुरुवात,’ म्हणून त्यांनी हात जोडले.

शंकरदानं नारळ उचलला.

‘देवा म्हाराजा, पाच वर्सांमागे ह्या साहेबान तुझ्यासमोर नारळार हात ठेवून बंधारो घालूचो शब्द दिलेल्यान. घातल्यान, पण आपल्या सोयऱ्याच्या दारात. तेचा पाणी आज आमच्या घरात इला. ह्येचो न्याय तूच कर, म्हाराजा.’

आणि तो थांबला, ‘व्हय’ची वाट बघत.

पहिला ‘व्हय’ नेहमी बाळाचा असायचा. बाळा म्हणजे शंकरदाचा शेजारी, आयुष्यभर एका होडीत बसलेला. पण त्याच्या लेकीला, प्राजक्ताला, नुकतंच साहेबांच्या पतसंस्थेत चिकटवलं होतं. कुणाच्या दारात नळ आला होता, कुणाचा मुलगा साहेबांच्या गाडीवर होता. बाळा पायाखालची लादी बघत राहिला.

साहेबांना राग आला नाही. तेच जास्त वाईट. त्यांनी शंकरदाच्या हातातून नारळ हळूच काढून एका कार्यकर्त्याकडे दिला. त्यानं पाठ केलेलं गाऱ्हाणं घातलं, साहेबांना यश दे म्हणून. मग मात्र ‘व्हय म्हाराजा’ देऊळभर घुमलं.

शंकरदा घरी आला आणि मथुरेची कॉट पुढच्या खोलीत ओढू लागला. एकट्याला जमेना. थोड्या वेळानं बाळा दारात येऊन उभा राहिला.

‘शंकरदा, माका...’

‘काय सांगा नको,’ शंकरदा म्हणाला. ‘त्या बाजून धर.’

बाळानं कॉटचं दुसरं टोक उचललं. मथुरा दोघांच्या तोंडाकडे बघत होती. देवळात काय झालं ते तिला दोघांपैकी कोणी सांगितलं नाही.