डिकीतली तूर

हळ्ळीखेड (बी) गावचे गुंडेराव एकतीस वर्षं सरकारी बस चालवून निवृत्त झाले. या काळात त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. त्यामुळे गावात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की आधी गुंडेरावांना तिच्यातून एक फेरी मारायला लावतात. ते उतरून 'घ्या' म्हणाले तरच सौदा होतो.

त्यांची मुलगी प्रेरणा हैदराबादला नोकरी करते. एका शुक्रवारी ती दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभी राहिली. गाडी सेकंडहँड होती. पटली नाही तर सोमवारी परत घ्यायचं विकणाऱ्यानं कबूल केलं होतं. वजन जेमतेम हजार किलो, असं तिनं कौतुकानं सांगितलं आणि गुंडेरावांनी तो आकडा तिला पुन्हा सांगायला लावला. त्यांची बस रिकामी असली तरी नऊ टनांची असायची. त्यांच्या पत्नी सरुबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हिच्यात बसायचं का निजायचं, एवढंच विचारलं.

शनिवारी प्रेरणा उठायच्या आत गुंडेरावांनी डिकीत चटईखाली तुरीची दोन पोती सारली, तीस-तीस किलोंची. इकडचे जीपवाले हेच करतात. रिकामी जीप खड्ड्यात उडते, मागं तूर टाकली की बसते. पोरगी हसेल म्हणून ते काही बोलले नाहीत.

प्रेरणा हायवेला जाऊन आली ती चेहरा पाडूनच. काल मुठीत राहणारी गाडी आज ऐकत नव्हती. ऐंशीच्या पुढं स्टीअरिंग पोकळ लागत होतं, वळणावर मागची बाजू बाहेर सरकत होती. अपघातातली गाडी आपल्या गळ्यात मारली, असं तिच्या मनानं घेतलं.

"अप्पा, तुम्हीच चालवून बघा," ती म्हणाली. "तुम्ही न्हाई म्हणलाव तर सोमवारी परत देते."

नुसतं 'नाही' म्हटलं की काम होत होतं. गुंडेरावांना ही गाडी नकोच होती. पण न चालवता निकाल द्यायची त्यांना सवय नव्हती. ते गुडघे दुमडून आत बसले, प्रेरणा शेजारी. हुमनाबादच्या पुढच्या पहिल्याच लांब वळणावर पुढची चाकं हलकी पडली आणि मागून कुणीतरी लोंबकळत असल्यासारखं वाटलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून डिकी उघडली आणि चटई उचलली.

"हे कामून ठेवलाव?"

"हलकी गाडी उडती म्हणून. खोट गाडीत न्हाई, ही माझी करणी हाय."

प्रेरणानं एक पोतं हलवून बघितलं. "बसमंदी कुणी असं पोतं टाकलं असतं, तर लगेजचं तिकीट फाडायला लावला असताव की."

वळणावरच सिद्धलिंगप्पांचं पंक्चरचं दुकान होतं. पोती तिथं ठेवून दोघं मागं गेली आणि गुंडेरावांनी तेच वळण पुन्हा घेतलं. बसचं चाक फिरवल्यावर वाट बघावी लागते. आधी बस कलते, मग प्रवासी कलतात, मग बस वळते. इथं मनगट हललं आणि वळण संपलंसुद्धा. गाडी कलली नाही. रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीच्या कण्याला कळत होता. ट्रकला मागं टाकताना त्याचं चाक खांद्याच्या उंचीवर फिरत होतं. त्याच्या वाऱ्यानं गाडी बोटभर सरकली आणि नुसत्या बोटानंच जागेवर आली. गिअर काडेपेटी सरकवावी तसे पडत होते. नव्वदच्या पुढं ते गेले नाहीत. जायची गरजही वाटली नाही.

परत दुकानापाशी आल्यावर प्रेरणानं विचारलं, काय करायचं?

"ठेव," गुंडेराव म्हणाले. "ट्रकच्या मागं चिकटून जाऊ नको. तू त्याला दिसायची न्हाईस." मग उतरायचं सोडून त्यांनी गाडी पुन्हा त्याच वळणाकडं वळवली.

पोती संध्याकाळी बसनं घरी आली. लगेजचं तिकीट गुंडेरावांनी स्वतः मागून घेतलं.