नवरी घरात जाईपर्यंत

"हौसाचा मोरू यंदा सिनेमाला वाजवणार नाही म्हणे. त्याचं ना..."

एवढंच ऐकलं मी. मासळीबाजारात गुलाब कोळीण शेजारणीला सांगत होती. हौसाची जागा रिकामी होती. मी पिशवी उघडून हळूच पुढे सरकले, तर गुलाब थांबली आणि मलाच म्हणाली, "काय देऊ, वहिनी?"

उरलेलं अर्धं वाक्य दे, असं अगदी ओठावर आलं होतं. पण घेतले बोंबील.

आता तुम्ही विचाराल, मोरू कोण आणि सिनेमाला वाजवायचं म्हणजे काय? तर दहिसरला आमच्या सोसायटीच्या मैदानात दर हिवाळ्यात एक मूकपट दाखवतात. आवाज खाली बसलेली आमची माणसं करतात. तावडेमास्तर कीबोर्डवर, बंड्या घाग ढोलकीवर आणि मोरू वैती ट्रम्पेटवर. मोरूचा खरा धंदा लग्नातल्या बँडचा. राहतो भिंतीपलीकडच्या गावठाणात, आमच्या गेटमधून त्याचं दार दिसतं. हौसा त्याची बायको, मासळी विकते.

सिनेमा दर वर्षी तोच. तो लावायचं काम सोसायटीतल्या परेशभाईंचं, आणि त्यांच्या लॅपटॉपमध्ये तेवढा एकच आहे. गरिबाची पोर, श्रीमंताचा मुलगा, बाप भर मांडवात लग्न मोडतो, आणि शेवटी तोच बाप हात जोडतो. मग नवरी माप ओलांडून घरात येते. बस, एवढीच स्टोरी. पण किस्से मात्र दर वर्षी नवे! घरात पिशव्या साठतात ना, एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, तसे साठलेत. आज थोडे बाहेर काढते.

*

पहिल्या वर्षी मास्तरांनी खुर्च्या मांडल्या त्या पब्लिककडे तोंड करून. म्हणजे पडदा पाठीमागे!

परेशभाई म्हणाले, "मास्तर, सिनेमा दिसणार कसा तुम्हाला?"

मास्तरांनी उभी हयात ऑर्केस्ट्रा पार्टीत काढलेली. म्हणाले, "पब्लिककडे पाठ करून बसणारा ऑर्केस्ट्रा मी आजवर पाहिला नाही, आणि माझा तसा बसणारही नाही!"

झालं! पडद्यावर हिरोची आई शेवटचा श्वास घेतेय आणि इकडे बंड्याची ढोलकी लावणीच्या ठेक्यात. आई गेली तेव्हा मागून शिट्टी आली.

पुढच्या वर्षी तरी मास्तर वळून बसतील? छे! परेशभाईंच्या स्कूटरचा आरसा काढून कीबोर्डला बांधला आणि आरशात बघून सगळा सिनेमा वाजवला. संपल्यावर मला हळूच विचारतात, "वहिनी, गेल्या वर्षी हिरो उजव्या हाताने जेवत होता ना हो?"

*

मूकपटात मध्ये मध्ये पाट्या येतात. कोण काय बोललं ते लिहिलेलं असतं. म्हाताऱ्यांना ते वाचता येत नाही, म्हणून माईक माझ्याकडे दिला. मी दहावी नापास, पण आवाज खणखणीत.

पाटी आली, 'बाबा, मी हिच्याशीच लग्न करणार.' मी वाचली. पुढची पाटी आली, 'माझ्या घरात ही पाऊल टाकणार नाही.' तीही वाचली. मग मला राहवेना. म्हटलं, "आणि स्वतःच्या थोरल्याने काय दिवे लावलेत ते बघ की मेल्या आधी!"

सगळं मैदान हसलं. मास्तर मात्र कीबोर्ड थांबवून गरजले, "वहिनी, जेवढं लिहिलंय तेवढंच वाचा!"

आमचे हे पुढच्याच रांगेत होते. म्हणाले, "मास्तर, ते घरी पण जमत नाही."

*

बंड्याचा प्रॉब्लेम वेगळाच. तो वाजवता वाजवता सिनेमात घुसतो. हिरो कड्यावर लोंबकळतो, तिथे ढोलकीचा कडकडाट पाहिजे. तर बंड्या पडद्याकडे वळलेला, हात हवेत आणि तोंड उघडं!

"अरे वाजव!" मास्तर खेकसले.

"थांबा मास्तर, पडतोय तो!"

"दर वर्षी पडतो रे! खाली गवताची गाडी आहे!"

"असेल हो. पण ह्या वर्षी नसली तर?"

*

आता मोरूचं सांगते. मांडवातल्या सीनला त्याने ट्रम्पेटवर लग्नाची धून धरली. तेवढ्यात हिरोचा बाप आला, मुलाला दंडाला धरून घेऊन गेला. लग्न मोडलं. मोरू वाजवतोच आहे!

मास्तर आधी डोळ्यांनी, मग हातांनी, मग ओरडून सांगायला लागले, "मोरू, थांब! लग्न मोडलं!"

मोरूने श्वास घेता घेता विचारलं, "नवरी घरात गेली काय?"

"नाही!"

"मग?" की परत ट्रम्पेट तोंडाला.

बँडवाल्यांचा कायदाच तो. एकदा धून धरली की नवरी घरात जाईपर्यंत सोडायची नाही. नवरी मुकी घरात येता कामा नये, हे मोरूला त्याच्या बापाने शिकवलेलं. त्या वर्षी बिचारी हिरॉइन जात्यावर दळते, देवळाच्या पायरीवर रडते, आणि खाली लग्नाची धून सुरू! आणि खरं सांगू? त्या वर्षी लोक जेवढे रडले तेवढे कधीच रडले नाहीत.

तेव्हापासून ठरलं. शेवटी नवरी माप ओलांडते तो सीन एकट्या मोरूचा. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे.

हौसा मात्र टोमणा मारायची सोडत नाही. "सगळ्या गावाच्या नवऱ्या वाजतगाजत घरात घातल्यास. मलाच तेवढी मुकी आणलीस!" कारण गावठाणातला बँड म्हणजे मोरू आणि त्याचे भाऊ. स्वतःच्या लग्नात नवरदेव वाजवणार कसा, आणि तो नाही म्हणून भावांनीही नाही वाजवलं.

*

तर अशा मोरूचं 'त्याचं ना' काय झालं, हे कळल्याशिवाय मला झोप येते होय! वॉचमन म्हणाला, छातीचं दुखणं. बंड्या म्हणाला, मास्तरांशी वाजलं. हे म्हणाले, "तू आपलं बघ." मी डब्यात आंबोळ्या भरल्या आणि सरळ गावठाणात गेले.

दारात हौसाचा मासळीचा टेम्पो उभा. आतून कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज. मागचं दार उघडलं, तर रिकाम्या टोपल्यांमध्ये मोरू! एका हातात ट्रम्पेट, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल.

मागून हौसा आली. "बघितलंत ना? आता बसा. पुढचे दात गेले त्याचे. ट्रम्पेट टेकतो तो दातांवर. नवी कवळी हलते आणि वारा बाजूने सुटतो. त्याला वाजवताना ऐकायला नको कुणी, म्हणून टेम्पोत बसवलाय. माझा धंदा बंद!"

मी म्हटलं, "अरे, मास्तरांच्या कीबोर्डला ट्रम्पेटचं बटण आहे. ते दाबतील या वर्षी."

मोरूने रुमाल काढला. "बटणाने नवरी घरात घेणार? बाकी सगळं दाबा बटणावर. शेवटचं मी वाजवणार."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मग ट्रम्पेट मोडीत घालतो. पण वाजवणार."

कुणाला सांगू नका, असं हौसाने बजावलं. नाही सांगितलं मी. फक्त ह्यांना. आणि लिफ्टमध्ये भेटले म्हणून परेशभाईंना.

*

शोच्या दिवशी मैदान गच्च. गुलाबही आलेली, माझ्याच शेजारी बसली. मोरू सिनेमाभर मांडीवर ट्रम्पेट घेऊन गप्प. मांडवातली धूनसुद्धा बटणाची झाली. गुलाबने मला कोपर मारलं, "बोलले होते ना?"

शेवटचा सीन आला. दारात तांदळाचं माप, नवरीने पाऊल उचललं. मोरू उभा राहिला, ट्रम्पेट लावला.

फुस्स!

मास्तरांचं बोट बटणाकडे गेलं. मोरूने असं बघितलं की ते बोट मास्तरांनी खिशातच घातलं.

मी पडद्याकडे बघितलं, तर नवरी थांबलेली! पाऊल हवेत, बोटं मापाच्या जवळ, आणि सासू ताट धरून तशीच. मागून परेशभाईंचा आवाज आला, "मोरूभाई, आरामात. ती कुठे जात नाही."

मोरूने परत फुंकला. एक सूर आला आणि मोडला. कुणी उठेना. सिनेमा संपायच्या आधी रिक्षा पकडायला पळणारेसुद्धा बसून राहिले. बंड्याने पडद्याकडे पाठ केली आणि मोरूकडे बघत ढोलकीवर बारीक ठेका धरला. माझ्या हातात माईक होता, पण मी एक अक्षर बोलले नाही. ह्यांना विचारा.

मोरूने अंगठ्याने कवळी वर दाबली, डोळे मिटले आणि धून आली! जरा वाकडी, थोडा वारा सुटत होता, पण तीच. परेशभाईंनी बटण दाबलं, माप कलंडलं, नवरी घरात गेली.

टाळ्या संपल्या. पडदा पांढरा झाला. मोरू वाजवतोच आहे!

"मोरू, पुरे!" मास्तर ओरडले. "गेली रे नवरी घरात!"

मोरूने मान हलवली. नाही.

हौसा पदर खोचून पुढे आली. "वेडा झाला काय? चल घरी!" आणि तरातरा निघाली. तिच्या मागे ट्रम्पेट वाजवत मोरू, त्याच्या मागे गळ्यात ढोलकी अडकवून बंड्या. आम्ही सगळे गेटपाशी. हौसा आधी रागाने चालत होती, मग हळू झाली, मग डोक्यावर पदर घेतला. दाराशी थांबली. मागे वळून बघितलं, आणि उजवं पाऊल आत टाकलं.

ट्रम्पेट थांबला.

माझ्या शेजारी गुलाब डोळे पुसत होती. म्हणाली, "बोलले नव्हते मी? सिनेमाला वाजवणार नाही म्हणून!"