आईच्या पायाची जखम आणि हिरड्या

मंडळी, आज आईला घेऊन नंदुरबारला गेले होते. तिला शुगर आहे आणि पायाच्या बोटाची जखम दोन महिने झाले सुकत नाहीये. बोट राहील की कापावं लागेल, एवढंच विचारायचं होतं.

डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, तोंड उघडा."

आईने मला कोपराने ढोसलं. "जखम पायले शे, अन हाऊ तोंडमा काय देखी ऱ्हायना?"

त्यांनी दाढेजवळ हलकंच दाबलं तर पू आला. आईला काही जाणवलंच नाही.

"मिशेरी लावता का?"

"दुखस म्हनीसन तं लावस. मंग काहीच समजत नही."

डॉक्टर म्हणाले, हिरड्या अशा सडत राहिल्या की शुगर खाली यायला त्रास होतो, आणि शुगर चढलेली असली की ना जखम भरते ना हिरड्या. मिशेरीने ठणका दबतो, रोग तसाच राहतो, ती आजपासून बंद. आधी तोंड साफ करू, बोटाचं पंधरा दिवसांनी बघू.

  मिशेरीसाठी तंबाखू तव्यावर भाजून, कुटून आईची डबी भरायचं काम घरात माझंच आहे. तिला आराम पडतो म्हणून मी कधी चुकवलं नाही.

घरी येऊन डबी मोरीत ओतली. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सकाय दात ठनकनात तं काय लावू व माय?"

 तुमच्या घरी कुणी मिशेरी सोडली असेल तर लिहा, पहिले चार दिवस कसे काढले?