बारा एमएमचा बोल्ट, अर्ध्या इंचाचा नट

“आजोबा स्वतः झोक्यावर बसले होते, मॅडम. तुटणारच ना!” कात्रपच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मला बागेत उभं करून ऐकवत होते.

मी अंबरनाथच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. आम्ही बागेतले झोके, घसरगुंड्या बनवतो. इथे आमच्याच एका झोक्याची एका बाजूची साखळी निसटली होती. गायकर आजोबा सहा वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना खरचटलं, तिचा हात मोडला. तेव्हापासून आजोबा घराबाहेर पडले नव्हते.

झोका मोठ्या माणसाचं वजन धरूनच डिझाइन केलेला होता. साखळी शाबूत होती. बोल्टचे आटे मात्र घासून गुळगुळीत झाले होते. नट कुंपणाजवळ सापडला. कॅलिपर लावून माप घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. बोल्ट बारा एमएमचा, नट अर्ध्या इंचाचा!

अर्धा इंच म्हणजे बारा पॉइंट सात एमएम. फरक किरकोळ वाटतो, पण दोन्हींच्या आट्यांमधलं अंतर वेगळं असतं. असा नट दोन फेरे हाताने जातो, मग अडकतो. पान्याने जोर लावला की आटे खरवडत पुढे सरकतो. पाना दोन्हींना एकोणीसचाच लागतो, त्यामुळे फिटरला शंका येत नाही. त्याला वाटतं, घट्ट बसला. झोका हलत राहतो आणि एक दिवस नट सुटतो.

फॅक्टरीत स्टोअर सुपरवायझरला नट दाखवला.

“बाराचे संपले होते. उल्हासनगर कॅम्प चारमधून मागवले. दुकानवाला बोला, आधा इंच मतलब बारा ही. सगळे तेच वापरतात.”

“सगळे म्हणजे कोण? आणि झोक्याला?”

तो हसला. मी तिथून तडक साहेबांकडे गेले.

“रिपोर्टमध्ये ‘गैरवापर’ लिहा,” साहेब म्हणाले. “म्हातारा बसलाच होता ना?”

“त्याच लॉटचे झोके दुसऱ्या बागांतही लागलेत, सर.”

“ते गुपचूप बदलू.”

“आणि आजोबांनी जन्मभर काय समजायचं?”

“ते आपलं काम आहे का?”

मी सगळ्या बागांना फोन करून झोके आधी बांधून ठेवायला लावले. मग रिपोर्ट लिहिला : वापर योग्य, नट चुकीचा. साहेब सही करेनात. मी माझ्या सहीने सोसायटीला पाठवला.

नट-बोल्ट घेऊन आजोबांच्या घरी गेले. नात प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन कार्टून बघत होती, आजोबा लांब दारापाशी बसले होते. सून म्हणाली, “तिला जवळच घेत नाहीत. माझ्या हातून परत काय झालं तर, म्हणतात.”

मी त्यांना नट दाखवला, समजावून सांगितलं. त्यांनी नट हातात घेऊन बोल्टवर चढवून पाहिला.

“म्हणजे माझ्यामुलं नाय झाला?”

“नाही आजोबा. आमच्यामुळे.”

त्यांचे डोळे भरले, आणि मग आवाज चढला. “मंग तुझ्या सायबाला इथं पाठव. माझ्या नातीसमोर बोलू दे त्याला!”

साहेब गेले नाहीत. सगळ्या झोक्यांचे नट बदलले गेले. माझी बदली डिस्पॅचला झाली.

इंच वापरा नाहीतर एमएम, मला दोन्ही चालतात. एकाच बोल्टवर दोन्ही चढवू नका. आणि चढवलेच, तर निदान दोष दुसऱ्याच्या वजनावर ढकलू नका.